रिकाम्या वाघिणींचे नदाफमामा

दस्तगीर नदाफ यांना आमच्या डेपोत कुणी आपणहून चहा पाजलेला मी पाहिला नाही. माणूस वाईट नव्हता, पण सोसायचा नाही. समोरच्याने कप पुढे केला की यांची नजर कपावर नसायची, त्याच्या वरच्या खिशावर असायची. खिशात काडेपेटी दिसली, लायटर दिसला, की कप तसाच खाली आणि त्या माणसाची वरात गेटपर्यंत. वाटेत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. अशा माणसाला चहा पाजायची हौस कुणाला असणार?

डेपोचं नाव सांगत नाही, सांगून काही उपयोगही नाही. कोल्हापूरच्या बाहेर, मुख्य रुळाला फुटलेल्या एका फाट्यावर तो आहे. रंगाच्या आणि औषधांच्या कारखान्यांना लागणारं सॉल्व्हंट तिथं रेल्वेच्या टाक्यांतून यायचं. वासाला गोडसर, अंगाला गार लागणारं आणि पेटायला पेट्रोलची बहीण. रेल्वेवाले या डब्यांना वाघिणी म्हणतात, आमचे लोक सरळ टाकी म्हणत. भरलेल्या टाक्या यायच्या, पाइप लावून आमच्या जमिनीवरच्या मोठ्या टाक्यांत रिकाम्या व्हायच्या आणि इंजिन येऊन त्या ओढून न्यायचं. मी ऑफिसात बसून गाड्यांचे कागद बघायची आणि नदाफमामा सुरक्षेचं बघायचे. म्हणजे कागदावर सगळ्याच डेपोची सुरक्षा त्यांच्याकडे होती, पण त्यांचा जीव अडकलेला असायचा तो रिकाम्या टाक्यांत.

"भरलेल्या टाकीला मी भीत न्हाय, ताई," पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ऐकवलं होतं. "ती गुमान असती. तिच्यात हवेला जागाच न्हाय. रिकामी केली की आत ऱ्हाती वाफ, आणि वाफेला गावती हवा. मग एक ठिणगी बास. म्हणून रिकामी टाकी म्हंजे भरलेली. भरलेलीपरास वाईट."

मी मान डोलावली. "मान काय हलवतीस? समजलं का ते सांग," म्हणाले, आणि माझ्याकडून ते सगळं परत वदवून घेतलं. इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेली मी, मोठ्यानं बोलणाऱ्याला दबणारी नव्हे. पण हा माणूस दम द्यायला म्हणून ओरडत नव्हता. त्याला खरोखर भीती वाटत होती आणि ती लपवण्याची त्याला लाज नव्हती, हे मला उशिरा कळलं.

दिसायला उंच, कमरेत थोडे वाकलेले, गुडघे कामातून गेलेले. पांढरी दाढी, चष्म्याला मागून दोरी. मूळ गाव मुरगूड, आणि मुरगूडची बरोबरी जगात कशालाच नाही हा त्यांचा दुसरा नियम. कोल्हापूरचं पाणी जड, कोल्हापूरची भजी तेलकट, कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर माणुसकी नाही. मुरगुडात मात्र सगळं कसं झकास! "मग रोज इकडं कशाला मरायला येता?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तुम्ही मरू नये म्हणून येतोय की!"

ईदला नवा सदरा घालून यायचे, पण अत्तराचा थेंब अंगाला नाही. कामावर नाक कोरं पाहिजे म्हणायचे. आणि लगेच पुढं सांगायचे की नाकावर विश्वास ठेवायचा नाही, वास आला नाही म्हणजे वाफ नाही असं धरून चालायचं नाही, यंत्र लावून बघायचं. वायू मोजायचं ते यंत्र कंपनीचं होतं, पण त्याला घातलेली लोकरी टोपी घरची होती, बायकोनं विणलेली. नातवाला नाही एवढी माया त्या यंत्रावर.

टाकी रिकामी झाली की त्यांचा खरा दिवस सुरू व्हायचा. खालची तोटी बंद करून तिच्यावर टोपण बसलं का, पाइप सुटला का, वरच्या झाकणाचे सगळे बोल्ट आवळले का, हे स्वतः शिडी चढून बघायचे. टाकीच्या अंगावरची लाल रंगाची धोक्याची पाटी तशीच राहिली पाहिजे यावर तर रोज एक भांडण ठरलेलं. माल उतरला, आता पाटी कशाला, असं म्हणून लोक ती काढून टाकत. मामा ती परत लावायला लावत. टाकी धुऊन, वाफ काढून, यंत्रानं बघितल्याशिवाय पाटी हलायची नाही. आमच्याकडे टाक्या धुतल्या जात नव्हत्या, त्यामुळे पाटी कधीच हलायची नाही.

कुणी "झालं" म्हटलं की त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "झालं म्हणू नगंस. बघितलं म्हण." झाकणाचे दोनच बोल्ट आवळून खाली उतरणाऱ्याला विचारायचे, "का रं, तुझ्या लग्नात मुंडावळी एकाच बाजूला बांधली हुती व्हय?" ज्याला विचारलं तो सोडून सगळे हसायचे. तो मुकाट्यानं परत वर चढायचा.

बहुतेक वेळा तो संभा असायचा. संभा चंदगडचा, चाळिशीचा, दोन मुलींचा बाप. झाकणं उघडायचं आणि लावायचं काम त्याचं. मामांच्या जवळचं डेपोत कुणी असेल तर हाच, कारण दुपारी दोघं एकाच ठिकाणी डबा खायचे. मामा त्याला एकही घास सुखानं खाऊ द्यायचे नाहीत, प्रत्येक भाकरीमागं एक नियम. एकदा संभानं कंटाळून विचारलं, "मामा, खरं सांगा, तुमच्या घरात कोण भाजून मेलं हुतं काय? त्याबिगर माणूस एवढा मागं लागत न्हाय."

मामांनी हातातला तुकडा डब्यात ठेवला. "कोण मेलं न्हाय. सगळी खुशाल हायती. नियम पाळाय आदी घरातला माणूस मरावा लागतोय व्हय रं?"

संभा खजील झाला. मला मात्र ते वाक्य लागलं आणि अजून लागतं, कारण आपल्याकडं तसंच आहे. खड्ड्याला पाटी लागते ती कुणी पडल्यावर, आणि ज्या घरात कुणी मेलेलं नाही त्या घरातल्या माणसाची भीती म्हणजे भेकडपणा.

एका पावसाळ्यात रेल्वेचं इंजिन रिकाम्या टाक्या न्यायला येऊन उभं राहिलं. वेळेत गाडी सोडली नाही तर कंपनीला दंड बसायचा, त्यामुळे मॅनेजरसाहेबांची घालमेल चाललेली. मामा शेवटच्या टाकीवर चढले होते आणि तिच्या झाकणाखालचं पॅकिंग फाटलेलं निघालं. नवं येईपर्यंत गाडी हलणार नाही म्हणाले. ड्रायव्हर खाली उतरून ओरडायला लागला, "ओ मामा, रिकाम्या डब्ब्याला काय सोनं लावताय का?" मामांनी एक बादली उपडी केली, रुळाशेजारी गुडघे सांभाळत बसले आणि म्हणाले, "पावणं, इंजान बंद करा. बसा. ही टाकी आता मिरजंपास्नं किती गावांतनं जाणार, तिथं फाटकावर माणसं उभी ऱ्हाणार, त्यातलं कोण बिडी वडत असंल ते मला ठावं न्हाय. तुम्हाला ठावं असंल तर सांगा, मी उठतो."

ड्रायव्हर बसला. पॅकिंग आलं, बसलं, गाडी गेली. दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर मामांना झापलं. मामांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "झापून झालं? मग आजची झाकणं बघाय जातो."

यात गंमत अशी की डेपोत काहीच झालं नाही. वर्षानुवर्षं काही झालं नाही. आणि काही झालं नाही हीच मामांची सगळी कमाई, ती कुणाला दाखवणार? पीक दाखवता येतं, इमारत दाखवता येते, न लागलेली आग कशी दाखवायची? उलट लोक म्हणायचे, इतकी वर्षं काही झालं का, मग हा म्हातारा उगाच नाचतोय.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा. गवंडी थापी पुजतो, सुतार रंधा पुजतो, तसे आमचे लोक पाने, पाइप, शिड्या, पंप पुजायचे. मामांनी फार पूर्वीच पूजेची जागा ठरवून टाकली होती. गेटच्या बाहेर, वॉचमनच्या केबिनसमोर. हत्यारं धुऊन पुसून तिथं आणायची, टेबलावर मांडायची आणि मग काय उदबत्त्या, कापूर, निरांजन लावायचं ते लावा. झेंडूची फुलं मामा मुरगुडाहून आणायचे, पोतं भरून. "कोल्हापुरातला झेंडू काय झेंडू हाय व्हय?" आरतीला डोक्यावर टोपी घालून मागं उभे राहायचे आणि ताल चुकवत टाळ्या वाजवायचे. प्रसाद घ्यायला मात्र सगळ्यांत पुढं. त्यांचा धर्म कुठला हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते ध्यानात धरायची वेळ कधी आली नव्हती.

त्या वर्षी माणसं पुरवणारा ठेकेदार नवीन आला होता. त्याला सगळे आबा म्हणायचे. त्याला मामा पहिल्या दिवसापासून खुपत होते, कारण मामांमुळं गाड्यांना उशीर व्हायचा आणि बोलणी त्याला बसायची. पण पूजेची कल्पना त्यानं वाईट हेतूनं काढली असं मी म्हणणार नाही. "गेटावर काय पूजा करतायसा भिकाऱ्यागत? जिच्या जिवावर पोट भरतंय तिची करा. टाकीची करा." लोकांना ते एकदम पटलं. खरं सांगायचं तर मलाही ऐकायला गोड वाटलं होतं.

आणि आमची माणसं मूर्ख नव्हती. त्यांनी नीट विचार केला. भरलेल्या टाकीजवळ कापूर लावायचा म्हणजे वेडेपणा, हे सगळ्यांनी बोलून दाखवलं. म्हणून आदल्या दिवशी रिकामी केलेली, बाजूच्या रुळावर उभी असलेली टाकी निवडली. उरलासुरला वास जावा म्हणून वरचं झाकण उघडून ठेवलं. केळीचे खुंट बांधले, रांगोळी काढली, अंबाबाईची तसबीर ठेवली, पाटीवरून हार सोडला. सगळं जपून केलं. इतकी जपून, इतक्या भक्तीनं मरणाजवळ गेलेली माणसं मी दुसरीकडं पाहिली नाहीत.

मामांची एसटी उशिरा आली. फुलांचं पोतं खांद्यावर घेऊन ते गेटातून आत शिरले तेव्हा मी ऑफिसच्या दारात उभी होते. संभाच्या हातात ताट होतं, ताटात कापूर पेटलेला, आबाचा एक माणूस मोबाइल धरून चित्रण करत होता. मामांनी पोतं टाकलं. त्या गुडघ्यांनी हा माणूस धावेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. खांबाला अडकवलेली वाळूची लाल बादली त्यांनी ओढली आणि धावतच ताटावर रिकामी केली. कापूर विझला. वाळू संभाच्या डोळ्यांत गेली, आणि अंबाबाईच्या तसबिरीवरही पडली.

मामा धापा टाकत टाकीच्या उघड्या झाकणाकडं बोट दाखवत होते. तेवढ्यात आबा ओरडला, "देवीवर वाळू टाकली ह्यानं!" आणि मग मागून कुणीतरी ते दुसरं म्हणालं, मामांच्या धर्माचं नाव घेऊन. इतकी वर्षं त्यांच्या फुलांचे हार घातलेल्या लोकांना एका क्षणात आठवलं की हा आपल्यातला नाही.

संध्याकाळपर्यंत ते चित्रण गावभर फिरलं. त्यात टाकी दिसत नव्हती. उघडं झाकण दिसत नव्हतं. आरतीचं ताट, देवीची तसबीर आणि वाळू फेकणारा एक दाढीवाला म्हातारा, एवढंच दिसत होतं. गेटवर अनोळखी पोरं जमायला लागली. मी मॅनेजरसाहेबांना जाऊन काय पाहिलं ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताई, तुमचं बरोबर आहे हो. मला का कळत नाही? पण बाहेरचं वातावरण बघा." बरोबर असून उपयोग नाही हे एवढ्या सभ्य भाषेत मला पहिल्यांदाच कुणी सांगितलं.

साहेबांनी माझ्यासमोरच संभाला विचारलं, कापूर पेटला होता का, झाकण उघडं होतं का? त्यानं खाली बघून सांगितलं, "माझ्या डोळ्यांत वाळू गेलती. मला काय दिसलं न्हाय." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. दोन मुली आहेत, ठेकेदाराच्या हातात नोकरी आहे, हे मला दिसत होतं, तरीही वाटली.

मामांना सांगण्यात आलं की मोबाइलसमोर हात जोडून माफी मागा, प्रकरण मिटवू. मामा म्हणाले, "वाळू देवीवर पडली, त्येची माफी मागतो. तिच्या दारात जाऊन मागतो. कापूर इझीवला त्येची न्हाय मागनार. ती मागितली तर उद्या परत कापूर लावतील." दुसऱ्या दिवशी ते खरंच अंबाबाईच्या देवळापाशी गेले आणि महाद्वाराबाहेर हात जोडून बराच वेळ उभे राहिले. त्याचं चित्रण कुणी केलं नाही.

त्यांना घरी बसवलं. वयाचं कारण दिलं. त्यांच्या जागी आलेला माणूस गोड बोलायचा, चहा घ्यायचा, द्यायचा, आणि "झालं" म्हटलं की "छान" म्हणायचा. गाड्या वेळेत सुटायला लागल्या. डेपोत हसणं-खिदळणं वाढलं. सगळे खूश होते आणि त्याचा मला संताप यायचा.

मामा अधूनमधून मला फोन करायचे. स्वतःविषयी एक शब्द नाही. "झाकणं कोण बघतंय?"

"तो नवीन माणूस."

"बघतंय का नुसतंच झालं म्हणतंय?"

मी काय सांगणार? मी मॅनेजरसाहेबांना सांगत होते, साहेब मला वातावरण सांगत होते. "संभाला म्हणावं, सगळं बोल्ट आवळ," एवढं म्हणून मामा फोन ठेवायचे. साक्ष टाळली म्हणून संभावर ते रागावले असतील असं मला वाटायचं. पण प्रत्येक फोनमध्ये निरोप असायचा तो संभालाच.

उन्हाळ्यात ते घडलं. टाक्यांवर चढायच्या जिन्याचा कठडा मोडला होता. तो जोडायला वेल्डिंगवाला आणला. भरलेल्या गाडीजवळ वेल्डिंग नको, हे नव्या माणसालाही कळत होतं. म्हणून त्यानं गाडी रिकामी होईपर्यंत वाट पाहिली. टाक्या रिकाम्या झाल्या, झाकणं अजून उघडी होती, इंजिन यायला अवकाश होता. आता मोकळा वेळ आहे, काम उरकून घ्या, असं ठरलं. वेल्डिंगची ठिणगी उडाली तेव्हा शेजारच्या टाकीवर संभा झाकण लावायला चढलेला होता. मी ऑफिसातून आवाज ऐकला. मोठा धडाका वगैरे नाही, एखादी जड सतरंजी झटकावी तसा. वेल्डिंगवाला खाली जिन्याच्या आडोशाला होता, तो वाचला.

सरकारी दवाखान्यातून मीच मामांना फोन केला. मिळेल त्या गाडीनं ते मुरगुडाहून आले. वॉर्डाबाहेर डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं की संभा आत्ता बोलतोय, पण फार भाजलाय, रात्र काढणं कठीण आहे. त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती, मुलींना अजून आणलं नव्हतं. आबा फळांची पिशवी घेऊन उभा होता. मामांना बघून त्यानं हात जोडले आणि म्हणाला, "मामा, तुम्ही तवाच नीट समजावून सांगाय पायजे हुतं वो आम्हाला."

मला वाटलं आता मामा त्याची गचांडी धरतील. मीच धरणार होते. मामांनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, चपला काढल्या आणि आत गेले. मी मागोमाग गेले.

संभाच्या तोंडापर्यंत पट्ट्या होत्या, आवाज मात्र नेहमीचा होता. "मामा, आलासा?"

"आलोय."

"माझ्या खिशात काय न्हवतं, मामा. काडी न्हाय, फोन न्हाय."

"ठावं हाय मला."

"मी झाकणच लावाय गेलतो. सगळं बोल्ट आवळणार हुतो."

"व्हय रं."

मग एखादं न सुटलेलं कोडं विचारावं तसं संभानं विचारलं, "टाकी तर रिकामी हुती की वो. मग कशी पेटली?"

उभ्या आयुष्यात हे वाक्य मामांनी कुणाचं चालू दिलं नव्हतं. ड्रायव्हरचं नाही, साहेबांचं नाही. या एका वाक्यापायी ते माणसांना नकोसे झाले, नोकरी घालवून बसले. त्यांचे ओठ हलले, आणि मी पलंगाची कड घट्ट धरली.

"व्हय बाळा," मामा म्हणाले. "रिकामीच हुती. तुझं काय चुकलं न्हाय."

संभानं डोळे मिटले. मामा उठले आणि खिडकीकडं तोंड करून उभे राहिले.